चावी कुणाकडे होती

‘दाराला बाहेरून कुलूप. आत तीन अज्ञान बालके. आई घरी नाही. बालकांकडे गंभीर दुर्लक्ष.’

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या एका गृहचौकशी अहवालाची ही सुरुवात. साल २०१४. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी बालसंरक्षणाच्या कामाला नुकती लागले होते. पुण्यातून समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून आलेली, बालविकासाच्या पेपरात वर्गात पहिली. त्या चार वाक्यांत एक शब्दही खोटा नव्हता, आणि म्हणूनच ती वाक्यं अजून माझी पाठ सोडत नाहीत. खोटं लिहिलं असतं तर कुणीतरी पकडलं असतं.

फोन १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर आला होता. एक बाई रोज पहाटे तीन लेकरांना पत्र्याच्या खोलीत कोंडून जाते, धाकटं रडत असतं, असं वस्तीतल्या कुणीतरी कळवलेलं. आम्ही सकाळी सातच्या सुमारास पोचलो; मी, हेल्पलाइनचा एक कार्यकर्ता आणि एक हवालदार. दहा बाय दहाची खोली, चारी बाजूंनी पत्रे, दाराला लोखंडी कुलूप. दाराशेजारी एक बारकी खिडकी, तिला दोन गज. गजांमागे अकरा वर्षांची मुलगी उभी होती. कडेवर चार वर्षांचा भाऊ. सात वर्षांचा मागे अंथरुणावर बसलेला.

मुलगी काहीतरी सांगत होती. तिचा एक हात सारखा गळ्याशी जात होता. मी खिडकीजवळ जाऊन म्हणाले, “घाबरू नको बाळा, आम्ही आलोय ना.” हवालदारांनी टॉमी लावून कोयंडा उचकटला.

नऊच्या आत आई आली. डोक्यावर रिकामी पाटी, पदराला कोथिंबिरीची पानं चिकटलेली. पहाटेच्या हर्राशीला, म्हणजे भाजीच्या लिलावाला जायचं, मेथी-कोथिंबीर घ्यायची, जुड्या बांधायच्या, गल्लोगल्ली विकून घरी यायचं, असा तिचा धंदा. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. दार उचकटलेलं आणि पोलीस उभा बघून ती बाई उंबऱ्याशीच मटकन खाली बसली. मी वहीत लिहिलं, ‘आईला पाहून धाकट्या मुलाने तिच्याकडे धाव घेतली नाही. आई व मूल यांच्यातील भावबंध कमकुवत.’

मुलांना चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर केलं. समितीने माझा अहवाल वाचला आणि मुलांना तात्पुरतं दाखल करण्याचा आदेश दिला. मुलींचं बालगृह वेगळं, मुलग्यांचं वेगळं, सहा वर्षांखालच्यांची सोय आणखी वेगळी. नियम तसा आहे आणि त्यामागे कारणंही आहेत. पण त्या दिवशी त्याचा अर्थ एवढाच झाला की तीन भावंडं तीन ठिकाणी गेली.

आईपासून दूर नेताना ते चार वर्षांचं लेकरू रडलं नव्हतं. बहिणीला दुसऱ्या गाडीत बसवलं तेव्हा मात्र ते माझ्या हातांत असं उसळलं की मला धरवेना. ‘ताई, ताई’ करत त्याने स्वतःचे कान ओरबाडले. त्याच्या नखांचा ओरखडा माझ्या मनगटावर आठवडाभर होता. आईसाठी न रडलेलं मूल बहिणीसाठी एवढं का रडतंय, हा साधा प्रश्नही मला तेव्हा पडला नाही. मी त्याला थोपटत राहिले.

भावबंधाचा सिद्धान्त मला तोंडपाठ होता. जॉन बोल्बी हे लंडनचे मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर घरापासून तुटलेल्या मुलांबद्दल अहवाल लिहायचं काम जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याकडे दिलं आणि तो अहवाल १९५१ मध्ये आला. लहान मुलाला एका जवळच्या माणसाची सलग, मायेची सोबत लागते, हा त्याचा गाभा. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन इस्पितळात एकट्या ठेवलेल्या मुलांना तासन् तास बघत बसायचे. मूल आधी आक्रोश करतं, मग मिटून जातं आणि शेवटी अलिप्त होतं, असं त्यांना दिसलं. यातली तिसरी पायरी सगळ्यांत फसवी. मूल शांत होतं, जेवतं, नर्सकडे बघून हसतं, आणि मोठ्यांना वाटतं की रुळलं बाई एकदाचं. पुढे मेरी एन्सवर्थ यांनी १९५० च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत घरोघर जाऊन आया आणि त्यांची तान्ही मुलं पाहिली, आणि या विचाराला प्रत्यक्ष घरांतल्या निरीक्षणाचा आधार दिला.

हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. पण पुस्तकात जागोजाग ‘आई’ असा शब्द होता, म्हणून मी आईच शोधत राहिले. पोटासाठी पहाटे साडेतीनला घर सोडणाऱ्या बाईच्या घरात चार वर्षांच्या मुलाचं ते जवळचं माणूस अकरा वर्षांचं असू शकतं. ते फ्रॉक घालतं, भावाचं नाक पुसतं आणि त्याला कडेवर घेऊन खिडकीत उभं राहतं. आपल्याकडे कुठल्याही वस्तीत जा, धाकट्याला कडेवर घेतलेली पोर दिसतेच. सतत वजन पेलून तिची उभं राहायची ढबसुद्धा एका अंगाला कललेली असते. ती माझ्या डोळ्यांपुढे उभी होती. बोल्बी मला हेच तर सांगत होते की मूल कुणाकडे धावतं ते बघ. मी फक्त कुणाकडे धावलं नाही तेवढं टिपलं.

पुढचे तीन आठवडे ती बाई रोज दुपारी कार्यालयात यायची. भांडायची नाही. बाकावर बसायची, पाचला उठून जायची. माझ्या टेबलाशेजारी एक परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी बसायचे, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी एके दिवशी माझी फाइल मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि विचारलं, “मॅडम, कुलूप बाहेरून होतं. चावी कुणाकडे होती?”

मला सांगता येईना. ते पुढे काही बोलले नाहीत. फाइल परत माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी त्या खोलीवर गेले. पहिल्या वेळी मी उभ्याने खोली पाहिली होती, या वेळी खाली बसले. बसल्यावर जे दिसतं ते उभं राहून दिसत नाही. दोन हातांच्या उंचीवर, मुलांचा हात पोचेल अशा खिळ्याला टॉवेल टांगलेला. भाकरीचं टोपलं दगडाखाली झाकलेलं. भिंतीच्या पत्र्यावर खडूने काढलेली अ, आ, इ, ई. मी विचारलं, “चावी कुणाकडे असायची?”

“पोरीपाशीच की मॅडम. काळ्या दोऱ्यात, गळ्यात. मी कुलूप लावते अन् चावी खिडकीतून आत तिला देते. आधी नुस्ती आतून कडी लावाया सांगत होते. एका राती कुणी पिलेला माणूस दार ढकलाया लागला. पोर मोठी व्हायली. मग म्हनलं, बाहेरून कुलूप दिसलं की लोकाला वाटतं घरात कुणी न्हाई. काही झालंच तर पोर खिडकीतून चावी पलीकडच्या मावशीला देती. मावशी चारला उठती, पाण्याला. अंधारात तीन बारी करून घेतलंय मी तिच्याकडून. काडीपेटी मी कमरंला लावून नेते.”

गळ्याशी जाणारा तो हात मला तेव्हा समजला. ती पोर मला चावी देत होती.

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. एका निरक्षर बाईने आपल्या लेकरांच्या जिवाचा विचार करून एक पूर्ण योजना आखली होती. धोका कुठून येतो, तो टाळायचा कसा, टळलाच नाही तर बाहेर कसं पडायचं, मदत कुणाची, सराव किती, आगीचं काय. आमच्या प्रशिक्षणात ‘सुरक्षा आराखडा’ म्हणून जे शिकवतात त्यातलं काहीही सुटलेलं नव्हतं. ती योजना पुरेशी होती असं मी आजही म्हणत नाही. अकरा वर्षांच्या मुलीवर एवढा भार नको, आणि आग सांगून येत नाही. पण ती योजना होती. मी तिला ‘गंभीर दुर्लक्ष’ असं नाव दिलं.

कॅन्सस विद्यापीठातले डेनिस सॅलीबी यांनी १९९२ मध्ये समाजकार्यातल्या सामर्थ्याच्या दृष्टिकोनावरचं पुस्तक संपादित केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की संकटातल्या कुटुंबाकडे गेल्यावर आपण मोडतोडीची यादी करत बसतो, पण हे घर आजपर्यंत कशावर उभं राहिलं ते विचारत नाही. त्यांच्या प्रश्नांपैकी एक मी आता प्रत्येक गृहभेटीत आपल्या भाषेत विचारते, “आजवर कसं निभावलंत?” हा प्रश्न ऐकला की बहुतेक बायका आधी गप्प होतात. कुणी हा प्रश्न विचारलेलाच नसतो. मग बोलायला लागतात आणि माझी वही पुरत नाही.

आमच्या प्रपत्रात कुटुंबाचं उत्पन्न, व्यसनं, घराचा प्रकार, शिक्षण, वर्तणूक असे रकाने असतात. चावी कुणाकडे, असा रकाना नाही. गरिबी आणि दुर्लक्ष ही दोन्ही त्या रकान्यांत सारखीच दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाबाबत मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. गरिबी एवढ्याच कारणावरून मुलाला घरातून काढू नये आणि भावंडांना सहसा एकमेकांपासून तोडू नये, या दोन्ही गोष्टी त्यांत स्वच्छ शब्दांत आहेत. आपला २०१५ चा किशोर न्याय कायदा, जो जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्याच्या कलम ३ मध्येही मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय असं म्हटलंय. पण शेवटचा उपाय पहिला वापरला जातो, कारण त्याचा आदेश एका दिवसात निघतो. आईला पहाटे साडेतीन ते नऊ मुलं सांभाळणारं कुणी मिळवून देण्याचा आदेश कुठल्याच समितीला काढता येत नाही. त्यासाठी चार घरी चकरा माराव्या लागतात.

आणखी एक गोष्ट मला त्या काळात फार बोचायची. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवांनी तिथे येऊन बाळंत व्हावं; मूल घेऊन जायचं की तिथेच ठेवायचं हे त्या बाईच्या मर्जीवर सोडलेलं होतं. त्या काळात, त्या गावात, त्या बाईला मर्जी विचारायची! त्याच पुण्यात दीडशे वर्षांनी मी समाजकार्य शिकले. आणि उंबऱ्यावर बसलेल्या आईला मी तिचं नाव, वय आणि उत्पन्न सोडून काहीही विचारलं नाही.

ऊसतोडीच्या गावांत काम करायला लागल्यावर दुसरा सिद्धान्त मला नव्याने कळला. युरी ब्रॉनफेनब्रेनर मॉस्कोत १९१७ मध्ये जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेत गेले. मुलाची वाढ समजून घ्यायची तर एकात एक बसणारी वर्तुळं बघा, असं त्यांनी १९७९ मध्ये मांडलं. आत मूल. त्याभोवती घर, शाळा, मित्र. मग या सगळ्यांचे आपसांतले संबंध. त्यापलीकडे एक वर्तुळ असं, की मूल तिथे कधी पाऊलही टाकत नाही, पण तिथे ठरलेल्या गोष्टी त्याच्या ताटापर्यंत येतात. वर्गात फळ्यावर बाईंनी ही वर्तुळं काढली तेव्हा या बाहेरच्या वर्तुळाला उदाहरण दिलं होतं, वडिलांचं ऑफिस. मी ते तसंच उतरवून घेतलं.

बीडच्या डोंगरपट्ट्यातली एक वस्ती. दसरा तोंडावर आलेला. नववीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न आहे अशी खबर मिळाली आणि आम्ही, ग्रामसेवक आणि पोलीस असे मिळून गेलो. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. गावात ग्रामसेवक हाच त्याचा प्रतिबंध अधिकारी. मांडव पडला होता, चुलवणावर भाताचं आधण होतं. मुलीच्या वडिलांनी मुकाट हमीपत्रावर सही केली, अठरा पूर्ण झाल्याशिवाय करणार नाही म्हणून. सगळे उठायला लागले. तेव्हा ते मला म्हणाले, “लिहून दिलं ताई. आता तुम्ही सांगा. परवा आमची टोळी चालली कर्नाटकात, पाडव्यापतोर येत न्हाई. म्हातारीला दिसत न्हाई. पोर ठेवू कुणापाशी? संग न्यावं तर तिथं कोपी. कोपीला दार असतंय का?”

मी खाली बसले. कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी. कुलपाची गोष्ट मला आठवत होती, आणि इथे तर दारच नव्हतं.

त्या मुलीने साखर कारखाना कधी पाहिला नव्हता. पण तिच्या लग्नाची तारीख कारखान्याने ठरवली होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. पावसाळ्यात घेतलेली उचल दवाखान्यात आणि बियाण्यात संपलेली, तेव्हा हंगामाला जाणं भाग. एकटा पोरगा अर्धा कोयता, लग्न झालेला पोरगा पूर्ण कोयता. म्हणून मुलाकडच्यांनाही हंगामाआधीच सून हवी. आणि गाळप कधी सुरू करायचं ते मुंबईत मंत्र्यांच्या समितीत ठरतं. ती तारीख पेपरात छापून आली की इकडे डोंगरात मुहूर्त निघतात. ब्रॉनफेनब्रेनर यांचं ते बाहेरचं वर्तुळ मला त्या मांडवात दिसलं. बापाला कायदा समजावून सांगण्यात मी जो अर्धा तास घालवला होता, त्यात मी आतल्याच वर्तुळात फिरत होते. त्याला कायदा माहीत होता. त्याला सहा महिन्यांसाठी एक दार हवं होतं.

त्या वर्षी ते मिळालं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तालुक्याच्या वसतिगृहात शब्द टाकला, मामाच्या घरी सुट्टीची सोय झाली, आईने जाताना मुलीच्या नावाची दोन पोती ज्वारी मामाकडे टाकली. मुलगी दहावी झाली. त्याच वस्तीतल्या दुसऱ्या एका मुलीचं लग्न मात्र आठ दिवसांनी पाहुण्यांच्या गावी जाऊन झालं आणि ते आम्हाला संक्रांतीनंतर कळलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षांआधी झालेलं आढळलं. हा आकडा वाचला की मला आधी तो चुलवणावरचा भात आठवतो, आणि मग ती दुसरी मुलगी.

आता मी घरी गेले की मागच्या कोऱ्या पानावर बाईला सोबत घेऊन वर्तुळं काढते. अ‍ॅन हार्टमन या अमेरिकन समाजकार्यकर्तीने १९७० च्या दशकात ही रीत बसवली. मध्ये घर, भोवती त्या घराशी नातं असलेली माणसं आणि ठिकाणं. घट्ट नात्याला जाड रेघ, ताणाच्या नात्याला वाकडीतिकडी. लिहिता न येणाऱ्या बायकासुद्धा पेन हातात घेऊन रेघा जाड करतात. भाजीवाल्या त्या आईने सगळ्यात जाड रेघ कुणाकडे ओढली असेल? हर्राशीतल्या आडत्याकडे. “त्यो उधारीवर माल देतो म्हणून चूल पेटती.” माझ्या अहवालात आडत्या कुठेच नव्हता. भाऊ होता, दीर होता, सासू होती. त्यांच्याकडे तिने रेघच ओढली नाही.

पण घराची ताकद बघायची सवय लागली की तीही डोळ्यांवर पडदा आणते. हे मला सांगायलाच हवं, कारण या बाजूची चूक पहिल्या चुकीहून भयंकर असते.

तीनेक वर्षांनंतरची गोष्ट. नऊ वर्षांच्या एका मुलीच्या पायांवर वळ दिसले म्हणून शाळेतल्या बाईंनी कळवलं. घरी सावत्र वडील. घर झाडून-पुसून लख्ख, रेशनकार्ड, आधार, गुणपत्रक फाइलला लावून ठेवलेलं. “मॅडम, तुम्ही म्हणाल तसं.” मुलगी चहाचा ट्रे घेऊन यायची, ठेवायची, आत जायची. मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा लिहिलं, ‘कुटुंब सहकार्य करते.’ मी त्या माणसाला घराचं बळ समजले होते. पायावरचे वळ सायकलवरून पडल्याचे आहेत, हेही मी मान्य केलं होतं.

लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आठ वर्षांची मुलगी गेली. आयव्हरी कोस्टहून तिच्या आईवडिलांनी चांगल्या शिक्षणाच्या आशेने तिला नात्यातल्या आजीसोबत पाठवलं होतं. ती आजी आणि तिचा साथीदार यांनी छळ करून तिला मारलं. इस्पितळ, पोलीस, समाजकल्याण खातं, सगळ्यांना ती ठाऊक होती. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला. तिची केस ज्या समाजकार्यकर्तीकडे होती, ती मुलीला चार वेळा भेटली होती, आणि चारही भेटी मिळून अर्धा ताससुद्धा भरत नव्हता. हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं आणि माझे हात गार पडले. मी माझा हिशोब केला. तीन भेटींत त्या मुलीशी माझं बोलणं, ‘कितवीत आहेस?’ आणि ‘छान.’

दुसऱ्या दिवशी मी न कळवता शाळेत गेले. बाईंनी ग्रंथालयाची खोली उघडून दिली. आम्ही दोघी खाली सतरंजीवर बसलो. ती बराच वेळ खोडरबराचे तुकडे करत होती. मी काही विचारलं नाही. वीसेक मिनिटांनी, मान वर न करता ती म्हणाली, “तुम्ही आधी फोन करून येता ना, मग त्या दिवशी काही होत नाही.”

त्याच दिवशी संध्याकाळी ती बालगृहात दाखल झाली आणि तिथे ती सुखात राहिली, नीट जेवू लागली, पुढे तिच्या मावशीकडे गेली. त्या मुलीला घरातून काढलं हे बरोबर होतं. उशीर झाला हे चूक होतं. त्यानंतर मी एक नियम पाळते. मुलाशी आधी बोलायचं, एकट्याशी, त्याच्या उंचीवर बसून, आणि एक तरी भेट न सांगता. कुणाच्या घरी न सांगता जाणं मला अजूनही बरं वाटत नाही. पण जाते.

त्या तीन भावंडांचं सांगायचं राहिलं.

चौकशीला कायद्याने चार महिन्यांची मुदत आहे. आम्हाला ती जवळजवळ पुरतीच लागली. मी नवा अहवाल लिहिला, आधीच्या अहवालात काय सुटलं तेही लिहिलं. पलीकडच्या मावशी पहाटे साडेतीनला या खोलीत येऊन बसायला तयार झाल्या, त्याबदल्यात भाजी. अंगणवाडीताईंनी धाकट्याला घ्यायचं कबूल केलं. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. तेव्हा मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, आता २२५० मिळतात. मुलाला संस्थेत न ठेवता घरात वाढवायला सरकारने दिलेला हा पैसा आहे, आणि गावोगावच्या एकट्या आयांना तो माहीत नाही, म्हणून मी तो जिथे जाईन तिथे सांगत असते.

मोठी दोघं आधी आली. धाकट्याचा कागद चार दिवस मागे राहिला. मी त्याला घेऊन गेले तेव्हा बहीण दारातच उभी होती, दोन्ही हात पुढे करून. त्याने तिच्याकडे बघितलं आणि तो तिच्या बाजूने आत जाऊन भिंतीला टेकून बसला. रडला नाही, हसला नाही. रॉबर्टसन यांची तिसरी पायरी माझ्यापुढे मांडी घालून बसली होती. बहीण माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणाले, “वेळ लागेल गं. तू फक्त त्याच्याजवळ बस.” ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. आईने भात वाढला. त्याने डाव्या हाताने ताटाला कुंपण केलं आणि मान खाली घालून भराभर संपवला. मग आईकडे बघून विचारलं, “मॅडम, पाणी पिऊ?”

आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने तांब्या भरून त्याच्या हातात दिला.

मी दर महिन्याला जात राहिले. दुसऱ्या महिन्यात तो झोपेत बहिणीचा फ्रॉक मुठीत धरायला लागला, असं आई म्हणाली. चौथ्या महिन्यात तो बहिणीला चावला, आणि तिने ते रडत नव्हे तर आनंदाने सांगितलं. तो तिच्यावर चिडला होता, म्हणजे ती त्याच्यासाठी परत आली होती. मुलगी बहुधा माझ्याहून आधी हे सगळं समजली. ‘मॅडम’ मात्र जाता जाईना. संडासला जाऊ का मॅडम, बाहेर खेळू का मॅडम, झोपू का मॅडम. आई प्रत्येक वेळी म्हणायची, “म्या तुझी माय हाय रे.”

पाठपुराव्याच्या सहाव्या भेटीला मी गेले तेव्हा आई खोलीबाहेर जुड्या बांधत बसली होती. दुपारची वेळ, दार सताड उघडं. मी विचारलं, “कसा आहे?” ती म्हणाली, “आता इचारत न्हाई मॅडम. भर उन्हातून येतो, सरळ माठात तांब्या घालतो, अर्धं पाणी अंगावर सांडतो. आज दोन बारी भांडले मी त्याला.”

पाठपुरावा प्रपत्रात ‘बालकाची प्रगती’ अशा नावाचा एक रकाना असतो, दोन बोटं रुंद. त्यात शाळेतली हजेरी आणि वजन लिहायची पद्धत आहे. मी हजेरी लिहिली, वजन लिहिलं, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, ‘न विचारता पाणी पितो.’